घरबसल्या अडत : शिफारशीसाठीं वस्तु कशी निवडावी?

फावल्या वेळांत घरीं बसून चार पैसे मिळवावे, ही इच्छा कांहीं आजची नाहीं. पापड-लोणच्यांपासून शिकवण्यांपर्यंत आणि शिवणकामापासून विम्याच्या एजन्सीपर्यंत नाना मार्ग आपल्या घरांनीं आजवर चोखाळून पाहिले आहेत. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत आणखी एका मार्गाची भर पडली आहे. त्यास अ‍ॅफिलिएट मार्केटिंग असें म्हणतात. एखाद्या दुकानदाराच्या मालाची आपण इंटरनेटवर माहिती द्यावयाची, त्या माहितीसोबत आपल्या नांवाची खूण असलेला दुवा जोडावयाचा, आणि त्या दुव्यावरून कोणी माल घेतला म्हणजे दुकानदारानें आपणांस ठराविक टक्के कमिशन द्यावयाचें, असें या धंद्याचें थोडक्यांत स्वरूप आहे. माल सांठवावा लागत नाहीं, दुकानाचें भाडें भरावें लागत नाहीं, गिऱ्हाइकाकडे उधारी थकत नाहीं. त्यामुळें कॉलेजांत जाणारा मुलगा, घर सांभाळून कांहीं करूं पाहणारी सून आणि नुकतेच सेवानिवृत्त झालेले वडील, या तिघांचेंही लक्ष या धंद्याकडे वेधावें, हें स्वाभाविकच आहे.

परंतु या धंद्यास भांडवल लागत नाहीं, असें जें म्हणतात तें अर्धेंच खरें आहे. पैसा फारसा लागत नाहीं; पत मात्र लागते. नवख्या मनुष्याचे पहिले वाचक कोण? तर आते-मामेभावंडें, शेजारीपाजारी, जुने वर्गबंधु आणि कचेरींतील स्नेही. हीं माणसें आपल्या लेखनकौशल्यावर भाळून वस्तु घेत नाहींत. 'अमक्यांच्या सुनेनें सांगितलें आहे, तेव्हां ठीकच असेल' या भरंवशावर घेतात. वस्तु वाईट निघाली तर दुकानदाराचें एक गिऱ्हाईक जातें. आपला मात्र शब्द जातो, आणि तोही एकट्याचा नव्हे, साऱ्या घराचा. म्हणून या उद्योगांत पडूं इच्छिणारानें 'कमिशन किती' हा प्रश्न मागाहून विचारावा; 'वस्तु कोणती' हा आधीं विचारावा. त्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

जुनीच अडत, नवा बाजार

दुसऱ्याचा माल तिसऱ्यास मिळवून देऊन मध्यें अडत घेणें ही चाल बाजाराइतकीच जुनी आहे. इंटरनेटनें तिला नवें रूप दिलें एवढेंच. अमेरिकेंत संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या सीडी-नाउ या दुकानानें १९९४ सालीं अशी योजना काढली. १९९६ च्या जुलै महिन्यांत अ‍ॅमेझॉन या पुस्तकविक्रेत्यानें आपली 'असोशिएट्स' योजना सुरू केली, आणि तेव्हांपासून ही पद्धति जगभर फैलावली. आपल्या देशांत अ‍ॅमेझॉनचें दुकान २०१३ च्या जून महिन्यांत उघडलें. आज लहानमोठीं असंख्य दुकानें, पुस्तकांचे प्रकाशक, वर्ग चालविणाऱ्या संस्था आणि संगणकाच्या आज्ञावल्या विकणाऱ्या कंपन्या अशी अडत देतात.

या धंद्यांत प्रामाणिकपणास किंमत येते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. ब्रायन लॅम या अमेरिकन पत्रकारानें २०११ सालीं 'वायरकटर' नांवाचें संकेतस्थळ काढलें. रोज नव्या पन्नास वस्तूंचा गाजावाजा करण्याऐवजीं एका प्रकारांतील पुष्कळ वस्तु प्रत्यक्ष वापरून, तपासून, त्यांतील एखाददुसरी उत्तम वस्तु वाचकांस सुचवावयाची आणि ती कां उत्तम याचीं कारणें सविस्तर सांगावयाचीं, असा त्यांचा परिपाठ होता. उत्पन्न मुख्यत्वें अडतीचेंच. पांच वर्षांनीं, म्हणजे २०१६ च्या ऑक्टोबरांत, न्यूयॉर्क टाइम्स या प्रसिद्ध वृत्तपत्रसंस्थेनें तें संकेतस्थळ तीन कोटि डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतलें. त्या संस्थेस माल मिळावयाचा नव्हता, गोदाम मिळावयाचें नव्हतें. मिळावयाचा होता तो वाचकांचा विश्वास. आपल्यापैकीं कोणास तसें भाग्य लाभेल असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. विश्वास हीच या धंद्यांतली खरी मालमत्ता, इतकाच बोध त्यांतून घ्यावयाचा.

आरंभ कोठून करावा?

बहुतेक नवखे लोक येथेंच आडवाटेस लागतात. ते एखाद्या मोठ्या दुकानाची कमिशनची सूचि उघडतात, त्यांत सर्वांत मोठा आंकडा कोठें आहे तें पाहतात, आणि ज्या वस्तूस कधीं हात लावलेला नाहीं तिचें गुणगान लिहूं लागतात. क्रम याच्या उलट असावा. आरंभ घरांतून करावा.

एक कोरी वही घ्यावी आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत घरांत विकत आणलेल्या वस्तूंची यादी करावी. एकत्र कुटुंबास या कामीं मोठीच सोय आहे. एकट्या राहणाऱ्या मनुष्यास एक मिक्सर एकाच तऱ्हेनें वापरतां येतो; आपल्या घरांत तोच मिक्सर सासूबाई पुरणासाठीं वापरतात, जाऊबाई इडलीच्या पिठासाठीं वापरतात, आणि धाकटे दीर रात्रीं त्यांत मिल्कशेक करतात. आजोबांचा गुडघ्याचा पट्टा, आजींचें मोठ्या अक्षरांचें पुस्तक, मुलांचे खेळ, प्रवासाची बॅग, गच्चीवरील कुंड्या, पाणी गाळण्याचें यंत्र, ही सर्व यादी झाली कीं प्रत्येक नांवापुढें तीन गोष्टी लिहाव्या : किती दिवस वापरली, काय चांगलें, आणि काय खटकलें. ज्या वस्तूपुढें 'काय खटकलें' हा रकाना रिकामा राहील ती वस्तु आपण नीट पाहिलेली नाहीं असें खुशाल समजावें. कारण निर्दोष वस्तु बाजारांत क्वचितच असते.

यानंतर दुसरी यादी करावी ती प्रश्नांची. लोक आपणांस काय विचारतात? कोणास बिडाचा तवा कसा माजवावा हें विचारावयाचें असतें, कोणास पहिलीच्या मुलासाठीं मराठी गोष्टींचीं पुस्तकें पाहिजे असतात, कोणास वृद्ध आईसाठीं न्हाणीघरांत बसवावयाचा आधाराचा दांडा हवा असतो. जेथें आपला अनुभव आणि लोकांचा प्रश्न यांची गांठ पडते, तेथें आपला विषय आहे असें समजावें. असा एकच विषय घ्यावा. स्वयंपाकाचीं भांडीं, दुर्बिणी, केसांचीं तेलें आणि संगणक हीं सर्व एकाच दुकानांत मांडणाऱ्याचें कोणतेंच बोलणें लोक मनावर घेत नाहींत.

मराठींत लिहिणारास आणखी एक लाभ आहे. इंग्रजींत एकेका वस्तूवर हजारों लेख पडलेले आहेत. मराठींत, आपल्या स्वयंपाकघराच्या आणि आपल्या हवापाण्याच्या दृष्टीनें लिहिलेलें, त्या मानानें फार थोडें आहे. कोंकणांतील पावसाळ्यांत कोणतें भांडें गंजतें, पुरणासाठीं कोणत्या यंत्राचें पातें टिकतें, हें सांगणारा मनुष्य परदेशांतून येणार नाहीं. मात्र परदेशीं असलेल्या आपल्या वाचकांचीही सोय पाहावी. भारतांतील दुकानाचा दुवा अमेरिकेंतील भाचीच्या सहसा उपयोगी पडत नाहीं. निरनिराळ्या देशांतील दुकानांच्या योजना निरनिराळ्या असतात आणि त्यांत निराळी नांवनोंदणी करावी लागते.

हिशेब मांडून पाहावा

विषय ठरल्यावर मग कमिशनचा विचार करावा. आणि तो नुसत्या टक्क्यांवर करूं नये. शंभर माणसांनीं दुव्यावर बोट ठेवलें तर आपल्या हातांत काय पडेल, हा खरा हिशेब होय. समजुतीसाठीं कल्पित आंकडे घेऊं. एक शीतकपाट चाळीस हजार रुपयांचें आहे व त्यावर २ टक्के, म्हणजे ८०० रुपये कमिशन आहे. पण एवढी मोठी खरेदी मनुष्य दहा ठिकाणीं विचारून करतो. दुव्यावर आलेल्या चारशांत एक जण तें घेतो असें धरलें, तर शंभर माणसांमागें २०० रुपये पडतात. दुसरीकडे बिडाचा तवा १,२०० रुपयांचा, त्यावर ६ टक्के, म्हणजे ७२ रुपये. शंभरांत चार जणांनीं तो घेतला तर २८८ रुपये होतात; त्यांतला एक परत गेला तरी २१६ उरतात. म्हणजे आठशेंच्या कमिशनापेक्षां बहात्तरांचें कमिशन अधिक फलदायी ठरलें.

आतां तिसरें उदाहरण पाहा. पांच हजार रुपयांचा एखादा 'कोर्स' आहे. त्यावर ४० टक्के, म्हणजे २,००० रुपये कमिशन. दोनशांत एकानें घेतला तरी शंभरांमागें हजार रुपये आले, आणि निम्म्यांनीं पैसे परत मागितले तरी पांचशें उरले. निव्वळ बेरीज-वजाबाकीनें पाहिलें तर हाच सौदा सर्वांत उत्तम. म्हणूनच नवखे लोक त्याकडे धांव घेतात. हा कोर्स खरोखर उपयुक्त असेल आणि आपण स्वतः तो पूर्ण केलेला असेल, तर तो सुचविण्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु ज्याचे पैसे परत मागण्याची पाळी निम्म्या लोकांवर येते, त्याच्या शिफारशीची खरी किंमत या हिशेबांत धरलेलीच नाहीं. तवा घेऊन समाधान पावलेली गृहिणी पुढच्या महिन्यांत कढईबद्दल विचारावयास येते. कोर्समध्यें फसलेला भाचा पुन्हां येत नाहीं, आणि लग्नकार्यांत भेटला तरी तो विषय टाळतो.

या हिशेबांत आणखी तीन कलमें घालावीं लागतात. पहिलें मुदतीचें. दुव्यावर बोट ठेवल्यानंतर किती काळांत खरेदी झाली असतां कमिशन मिळतें, हें प्रत्येक दुकान ठरवितें. अ‍ॅमेझॉनच्या योजनेंत ही मुदत साधारणतः २४ तासांची आहे. इतर पुष्कळ दुकानदार ३० दिवस देतात. शीतकपाटासारख्या, विचार करून घ्यावयाच्या वस्तूस २४ तास अपुरे पडतात. तव्यास ते पुरतात.

दुसरें कलम परतीचें. माल परत गेला कीं कमिशनही जातें. ज्या कपड्यांचीं मापें बेभरंवशाचीं, जीं भांडीं वाटेंत फुटतात, त्यांवर मोठें कमिशन असूनही हातीं थोडेंच लागतें.

तिसरें कलम दर बदलण्याचें. कमिशन ठरविणें आपल्या हातीं नाहीं, दुकानदाराच्या हातीं आहे. २०२० च्या एप्रिल महिन्यांत अ‍ॅमेझॉननें अमेरिकेंतील आपले दर एकाएकीं उतरविले : घरगुती सामान व फर्निचर यांवरील ८ टक्के होते ते ३ वर आले, आणि वाणसामानावरील ५ चा १ झाला. ज्यांनीं सारा संसार त्या एका दुकानावर उभा केला होता त्यांचें उत्पन्न आठवड्याभरांत निम्म्याहून खालीं आलें. यासाठीं एकाच विषयाचे, पण दोन-तीन निरनिराळ्या दुकानांचे दुवे बाळगावे. पुष्कळ छोट्या दुकानदारांच्या संकेतस्थळांवर अगदीं तळाशीं 'अ‍ॅफिलिएट' असा शब्द असतो. तेथें त्यांची स्वतःची योजना सांपडते. शिवाय अनेक दुकानदारांस एकत्र आणणारीं ऑविन, सीजे, व्ही-कमिशन यांसारखीं अडतजाळीं आहेत. तेथें नांव नोंदविण्यापूर्वीं किमान किती रक्कम सांचल्यावर ते पैसे पाठवितात, तें अवश्य पाहून घ्यावें. नाहींतर मिळविलेले दोनशें रुपये वर्षानुवर्षें कागदावरच राहतात.

वस्तूची परीक्षा

वस्तु स्वतः वापरलेली असावी, हा पहिला नियम सांगितलाच. परंतु वापरलेली वस्तुही डोळसपणें तपासावी लागते. कारण ती आपल्याकडे एक आहे आणि आपल्या सांगण्यावरून पन्नास घरांत जाणार आहे. येथें सरकारी खुणांचा मोठा आधार आहे. घरगुती प्रेशर कुकरास १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचें झालें; मुलांच्या खेळण्यांस तें १ जानेवारी २०२१ पासूनच सक्तीचें झालें होतें. असें असूनही २०२२ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांविरुद्ध, मानकांत न बसणारे कुकर आपल्या जागेंत विकूं दिल्याबद्दल आदेश काढले. त्यांपैकीं एकींतून असे २,२६५ कुकर विकले गेल्याचें आदेशांत नमूद होतें. मोठ्या दुकानांत वस्तु मांडलेली आहे म्हणजे ती तपासलेलीच आहे, ही समजूत किती भाबडी आहे, हें यावरून ध्यानीं येईल. फुटणारा कुकर कोणाच्या स्वयंपाकघरांत जाणार, याचा विचार शिफारस करणारानें करावयाचा नाहीं तर कोणीं?

तपासणें अवघड नाहीं. आयएसआय चिन्हाच्या खालीं परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील साधनांत तो क्रमांक घालून परवाना खरा कीं खोटा तें घरबसल्या पाहतां येतें. खाण्याच्या पदार्थांच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी क्रमांक असतो, तो पाहावा. आणि विक्रेता कोण, तेंही पाहावें. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें विक्रेत्याचें नांव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती ग्राहकास मिळाली पाहिजे. जेथें पत्ता नाहीं, तेथें आपणही जाऊं नये आणि दुसऱ्यासही पाठवूं नये.

इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचावे, पण तारतम्यानें. पांच तारे देणारे पुष्कळदां पहिल्याच दिवशीं हर्षभरानें लिहितात, आणि एक तारा देणारे पुष्कळदां पोंचविणाऱ्या माणसावर रागावलेले असतात. सत्य बहुधा मधल्या दोन-तीन ताऱ्यांत सांपडतें; 'चार महिन्यांनीं दांडा सैल झाला' अशासारखें वाक्य तेथें मिळतें. बनावट अभिप्रायांचा सुळसुळाट इतका वाढला कीं भारतीय मानक ब्यूरोस २०२२ च्या नोव्हेंबरांत ऑनलाइन अभिप्रायांसाठीं स्वतंत्र मानक प्रसिद्ध करावें लागलें. एकाच दिवशीं, एकाच शब्दांत, वीस जणांनीं केलेली स्तुति दिसली तर ती वस्तु यादींतून काढून टाकावी.

शेवटीं एक घरगुती कसोटी आहे, आणि ती सर्वांत कडक आहे : या वस्तूवर कमिशन मुळींच नसतें, तर मी ती माझ्या मावशीस सुचविली असती काय? उत्तर देतांना मन घुटमळलें, तर तेंच उत्तर समजावें.

कशाच्या वाटेस जाऊं नये?

कांहीं प्रकार असे आहेत कीं त्यांतील कमिशन कितीही मोठें असलें तरी सुशिक्षित घरानें त्यांस दारांतूनच परत पाठवावें.

त्यांत पहिला मान, आधीं पैसे भरून सभासद व्हावें लागणाऱ्या योजनांचा. खरा दुकानदार आपला माल विकून द्यावा म्हणून अडत्यास पैसे देतो. अडत्याकडून प्रवेशफी घेत नाहीं. येथें मात्र तरुण मुलाकडून कांहीं हजार रुपये घेऊन त्यास एक शिक्षणक्रम देतात, आणि त्या शिक्षणक्रमांत हाच शिक्षणक्रम आणखी चार ओळखीच्यांस कसा विकावा एवढेंच शिकवितात. असली योजना ओळखण्यासाठीं एक प्रश्न पुरे आहे : उद्यां नवीं माणसें येणें थांबलें तर जुन्यांस पैसा कोठून मिळेल? विकलेल्या मालांतून, असें उत्तर येत असेल तर तो धंदा. नव्यांच्या वर्गणींतून, असें येत असेल तर ती साखळी. अशा साखळ्यांवर १९७८ च्या कायद्यानें बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनींही त्या निषिद्ध ठरविल्या आहेत. घरांतील एखादा मुलगा किंवा सून अशा योजनेचें नांव काढील तेव्हां वडिलधाऱ्यांनीं रागावून तोंड बंद करूं नये. वही पुढें ओढून हा एकच प्रश्न त्यांच्यासह सोडवावा. रागानें तो मुलगा ती गोष्ट लपवील. हिशेबानें ती त्याच्या स्वतःच्याच ध्यानीं येईल.

दुसरा प्रकार रामबाण औषधांचा. मधुमेहासारख्या कित्येक रोगांवरील उपचारांच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानें मनाई आहे. औषध आपणांस लागू पडलें हें खरें असलें, तरी तें दुसऱ्यास सुचविण्याचा अधिकार वैद्यांचा आहे, अडत्याचा नव्हे.

तिसरा प्रकार शेअरबाजारांत अमुक टक्के नफा मिळवून देतों असें सांगणाऱ्यांचा. सेबीकडे नोंदणी नसतांना असा सल्ला देणाऱ्यांशीं नोंदणीकृत संस्थांनीं संबंध ठेवूं नये, असे नियम २०२४ सालीं झाले आहेत. आणि चौथा प्रकार पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें केलेल्या कायद्यानें असे खेळ चालविण्यासच नव्हे, तर त्यांची जाहिरात करण्यासही मनाई केली आहे. या दोहोंवर दिलें जाणारें कमिशन भरमसाट असतें, याचें कारण उघड आहे : तें ज्याच्या खिशांतून यावयाचें तो आपणच पाठविलेला वाचक असतो.

उघड सांगावें

वस्तु उत्तम निवडली, तपासली, आणि तिच्याविषयीं प्रामाणिकपणें लिहिलें, तरी एक कर्तव्य उरतें. आपणांस कमिशन मिळतें हें वाचकास सांगितलें पाहिजे. कित्येकांस वाटतें कीं तसें सांगितल्यानें लोक दुरावतील. परंतु हा आतां केवळ सद्भिरुचीचा प्रश्न राहिलेला नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचीं २०२२ च्या जून महिन्यांतील मार्गदर्शक तत्त्वें आणि ग्राहक व्यवहार विभागानें २० जानेवारी २०२३ रोजीं प्रसिद्ध केलेली पुस्तिका, या दोहोंनीं असा संबंध स्पष्टपणें प्रकट करावयास सांगितलें आहे. रोख पैसेच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तु किंवा सवलत हीही त्यांत धरली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पाठिंबा देणारावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हां तसेंच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. मात्र ज्यानें त्या दाव्याची योग्य ती शहानिशा केली होती, त्यास तोच कायदा संरक्षणही देतो. वर सांगितलेली वही अशा वेळीं उपयोगी पडेल.

सांगावयाचें तें मराठींत, लेखाच्या आरंभींच, आणि साध्या शब्दांत सांगावें : 'या दुव्यावरून आपण खरेदी केल्यास मला कमिशन मिळतें.' याहून अधिक पाल्हाळ नको, आणि तळाशीं बारीक अक्षरांत लपवाछपवीही नको. अनुभव असा आहे कीं आपल्या माणसांस दुसऱ्यानें चार पैसे मिळविलेले खटकत नाहींत. ते लपवून मिळविलेले खटकतात.

करारनामाही एकदां पूर्ण वाचावा. अ‍ॅमेझॉनच्या योजनेंत स्वतःच्याच दुव्यावरून स्वतःसाठीं केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाहीं, आणि नांव नोंदविल्यापासून १८० दिवसांत किमान तीन विक्र्या न झाल्यास खातें बंद होतें. म्हणून आधीं नांव नोंदवून मग विषय शोधण्यापेक्षां, आधीं पांच-सहा चांगले लेख लिहून तयार ठेवावे आणि मग नोंदणी करावी. कराकडेही दुर्लक्ष करूं नये. कमिशन हें उत्पन्नच आहे. ठराविक मर्यादेपुढें दुकानदार त्यांतून उगमींच कर कापून घेतो. या कपातीचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला गेला; परंतु पॅन क्रमांक दिलेला नसल्यास ही कपात पुष्कळच मोठी होते. जमाखर्च पहिल्या रुपयापासून लिहावा.

आतां शेवटचा प्रश्न उत्पन्नाचा. महिन्यास पांचशें लोकांनीं आपलें लेखन वाचलें, त्यांतील पन्नास जणांनीं दुव्यावर बोट ठेवलें, आणि दोघांनीं वर सांगितलेला तवा घेतला, तर हातीं १४४ रुपये येतात. यावरून नवख्यानें निराश होऊं नये आणि नोकरीचा राजीनामाही देऊं नये. हा उद्योग नारळाच्या झाडासारखा आहे; पहिलीं वर्षें नुसतें पाणी घालण्याचीं. पहिल्या सहा महिन्यांसाठीं एक विषय, त्यांतील तीनच वस्तु, प्रत्येकीवर एक सविस्तर व खरा लेख, एवढेंच व्रत घ्यावें. त्या तीन वस्तूंबद्दल कोणीं कांहींही विचारलें तरी उत्तर देतां आलें पाहिजे; त्यांत दोष निघाला तर लेखांत तो त्याच दिवशीं नमूद केला पाहिजे; आणि त्याहून चांगली वस्तु मिळाली तर, तिच्यावरील कमिशन कमी असलें तरी, पहिलीच्या जागीं तीच सुचविली पाहिजे. ज्या घरांतून असें लेखन निघेल त्या घरास अडतीचे पैसे थोडे मिळोत कीं फार मिळोत, तेथें विचारावयास माणसें येत राहतील. आणि या धंद्यांत जो कांहीं पैसा आहे तो त्यांच्याच पावलांनीं येतो.